दोन ठोक्यांमधली जागा

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. अडतीस वर्षांची झाली, केसांत पांढरं डोकावायला लागलं, तरी धाकटीच. थोरली होती ना! थोरलीने पोहण्यात कप आणले, वक्तृत्वात ढाली आणल्या, आणि त्या ठेवायला वडिलांनी भिंतीत कपाट करून घेतलं. थोरलीला आखूड झालेले फ्रॉक, तिची खुणा केलेली पुस्तकं, तिची सायकल, असं सगळं वापरून मऊ झालेलं धाकटीच्या वाट्याला आलं. तिने कधी तक्रार केली नाही. तक्रार करायलाही त्या घरात नंबर लावावा लागे आणि तिथेही थोरलीच पुढे असे.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पुढे काउंटरवर नाही, मागच्या खोलीत. भिंगं घासायची, कडा मारायच्या, फ्रेममध्ये बसवायची. अठरा वर्षं हेच. गिऱ्हाइकाला लख्ख दिसायला लागलं की तो पुढे बसलेल्या मालकाचे आभार मानून जाई.

एके दिवशी मास्तर आले. मास्तर म्हणजे गावाबाहेरच्या नेमबाजीच्या क्लबात शिकवणारे म्हातारबाबा. त्यांना नेमबाजीचा चष्मा हवा होता, एकाच डोळ्यापुढे एक गोल भिंग असलेला. मालकाने नेहमीसारखं बसवून माप घेतलं. धाकटी मागून बघत होती. न राहवून ती म्हणाली, "पण तुम्ही बसून थोडीच नेम धरता?" आणि तिने मास्तरांना भर दुकानात जमिनीवर पालथं झोपवलं, हातात छत्री दिली, मान कलती झाल्यावर डोळा कुठे येतो ते पाहून भिंग तिथे आणलं. मालक कपाळाला हात लावून बसला. मास्तर मात्र उठून कपडे झटकत म्हणाले, "वीस वर्षांत कुणी मला झोपवून माप घेतलं नव्हतं. रविवारी क्लबात ये."

ती गेली, आणि तिथेच तिचं भान हरपलं.

पन्नास मीटरवर एक कागद. कागदावर काळा गोल, आणि गोलाच्या मध्यात दहा गुणांचं वर्तुळ, शर्टाच्या बटणाएवढं. चटईवर पालथं पडायचं, बंदुकीच्या मागच्या बारीक भोकातून पाहायचं, पुढच्या कडीत तो काळा गोल बरोबर मधोमध आणायचा आणि चाप ओढायचा. बस, एवढंच. पण त्या भोकातून पाहताना दुकान, घर, थोरली, कपाट, सगळं नाहीसं होई. वर्षभरात ती बरी तयार झाली. आणि मग तिच्या मनाने एक गोष्ट धरली. तीन महिन्यांनी निवड चाचणी होती. साठ गोळ्या, सहाशे गुण. पहिले चारजण संघात. धाकटीला त्या चारांत यायचं होतं. आयुष्यात एकदा कुठल्यातरी यादीत आपलं नाव असावं, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती अगदी जिवाला लागलेली होती.

"बंदूक विकत घ्यायची का मास्तर?" तिने विचारलं.

"सगळे नवशिके हेच विचारतात," मास्तर म्हणाले. "बंदूक क्लबची चालेल. आधी जॅकेट घे. बंदूक सगळ्यांची सारखीच उडते, माणूस हलतो. माणसाला घट्ट धरतं ते जॅकेट."

आणि खरोखर तिचं गाडं तिथेच अडलं होतं. या जॅकेटला जॅकेट म्हणायचं म्हणून. जाडजूड कॅनव्हास, चामडं, कोपरांना रबर, टेबलावर ठेवलं तर स्वतःच्या पायावर उभं राहील इतकं कडक. डाव्या बाहीला एक चामड्याचा पट्टा अडकवायचा आणि त्याचं दुसरं टोक बंदुकीला. बंदूक हाताने धरायची नाही, पट्ट्यावर टांगायची. क्लबचं सामायिक जॅकेट धाकटीला ढगळ व्हायचं, पट्टा दंडावर सरकायचा, आणि मग तिच्या छातीतला प्रत्येक ठोका दंडातून पट्ट्यात, पट्ट्यातून बंदुकीत जाऊन समोरची कडी टुणकन उडायची. हे सगळ्यांचंच होतं. जाणते नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत चाप ओढतात. पण धाकटी चटईवर पडली की तिची नाडी मिनिटाला शंभराच्या घरात जायची. तिथे मधे जागा मिळणार कुठून?

नवं जॅकेट मापाने शिवून यायला चार महिने लागणार होते. चाचणीला तीनच. दीड महिना असाच गेला, आणि मग क्लबच्या फळ्यावर चिठ्ठी दिसली. जॅकेट विकायचं आहे, खाली नाव आणि पत्ता.

मास्तरांनी चिठ्ठी वाचून तोंड वाकडं केलं. "ह्यांना ओळखतो मी. पलीकडच्या क्लबात असायचे. थंड माणूस, पापणी न हलवता नेम धरायचा. पण दुसऱ्याचं जॅकेट घेऊ नये बाई. घालून घालून ते त्या अंगाचं झालेलं असतं."

दुसऱ्याचं वापरायला धाकटी काय आज शिकणार होती? ती गेली.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका काकूंनी. घर नीटनेटकं होतं, फक्त औषधांचा वास होता. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. टेबलावर जॅकेट उभं होतं, दोन्ही बाह्या कोपरात वाकलेल्या, कुणीतरी टेबलावर रेलून वाट बघत असावं तशा.

"ह्यांचं आहे," काकू म्हणाल्या. "आता लागत नाही. घालून बघ."

काका गेले असणार, असं धाकटीने मनाशी धरलं आणि विचारलं नाही. जॅकेट अंगात चढलं ते थेट बसलं. खांदे, कंबर, बाहीची लांबी, तसूभर फरक नाही. बटणं लावली तेव्हा आतून किंचित ऊब लागली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या लोटलेल्या दाराकडे, आणि जरा घाईनेच म्हणाल्या, "ने तू. छान बसतंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला धाकटी चटईवर पडली. पट्टा आवळला, गाल लावला, भोकातून पाहिलं. कडी उडत होती, पण सावकाश. एक ठोका, मग ही मोठी जागा, मग दुसरा ठोका. तिला वाटलं, चला, मन शांत झालं एकदाचं. दहा गोळ्यांत सत्त्याण्णव गुण आले. तिचे आजवरचे सर्वांत जास्त होते एक्क्याण्णव. आनंदाने तिला रडू आलं, आणि डोळा पुसायला तिने उजवा हात वर नेला तो बोटं गळ्याला लागली. गळ्याशी नाडी धाड धाड उडत होती. जलद, नेहमीसारखी.

तिने पुन्हा भोकातून पाहिलं. कडी सावकाशच उडत होती.

"मास्तर," ती पडल्या पडल्या म्हणाली, "माझी नाडी धरा जरा. कडी उडाली की मी 'हं' म्हणते. तुम्ही दोन्ही मोजा."

मास्तर हसत हसत खाली बसले, तिच्या उजव्या मनगटावर बोटं ठेवली, घड्याळ पाहिलं. मिनिटभर ती 'हं, हं' म्हणत राहिली. मिनिट संपल्यावर मास्तरांनी घड्याळ कानाशी धरून पाहिलं.

"किती?"

"मनगटात अठ्ठ्याण्णव."

"आणि माझे हं?"

"बावन्न." मास्तर उठले. गुडघे झाडायला त्यांनी नको तितका वेळ घेतला. "पट्टा जरा वर घेऊन बघ."

पट्टा वर घेतला, खाली घेतला, आत जाड स्वेटर घातला. कडीवर बावन्नचे बावन्न. आणि एक गोष्ट धाकटीच्या ध्यानात आली ती तिने मास्तरांना सांगितली नाही. सात ठोके पडत, आणि आठवा चुकत असे. त्या चुकलेल्या ठोक्याच्या ठिकाणी जागा दुप्पट व्हायची, बंदूक दगडासारखी स्थिर राहायची. त्या जागेत सोडलेली गोळी जायची ती दहातच.

कुणाही शहाण्या माणसाने ते जॅकेट त्याच दिवशी परत केलं असतं. पण साठ गोळ्यांच्या हिशेबाने पाचशे अठ्ठ्याऐंशी गुण पडायला लागल्यावर शहाणपण कुणाला सुचतं? धाकटी रोज सहाला जाई, पस्तीस गोळ्या मारी. सात ठोके मोजायची, आठव्याच्या जागेत चाप ओढायची. दोन आठवड्यांनी ती जागा पाच ठोक्यांनंतरच यायला लागली. मग तीन. धाकटीला वाटलं, आपल्याला जमायला लागलं. मास्तर तिच्या मागे उभे राहीनासे झाले. विचारलं तर म्हणत, "तुला आता माझी काय गरज?" आणि पलीकडे शिकाऊ मुलांकडे निघून जात.

चाचणीला तीन आठवडे उरले असताना तिला हातमोजा हवा होता. काकांचा असणारच, म्हणून ती सुट्टीच्या दिवशी दुपारी पुन्हा काकूंकडे गेली. या वेळी आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

पलंगावर एक बारीक चणीचा म्हातारा उताणा पडलेला होता. डोळे उघडे, छताकडे. उशाशी एक यंत्र टिक टिक करत होतं.

"काका आहेत?" धाकटीच्या तोंडून निघालं.

"आहेत म्हणजे काय?" काकू म्हणाल्या. "जातील कुठे? दीड वर्षापूर्वी झटका आला. बोलत नाहीत, पण सगळं कळतं. हळूहळू सुधारत होते. आता महिनाभर पुन्हा खाली चाललेत. नाडी दिवसभरच अडखळते, आणि सहा वाजले की फारच बघ. तासभर. डॉक्टरांनी हात टेकले."

धाकटी पलंगाशी गेली. काकूंना काय वाटेल याचा विचार न करता तिने म्हाताऱ्याचं मनगट धरलं आणि मोजायला लागली. मोजायला कशाला हवं होतं? बोटांखालचा तो ठोका तिच्या ओळखीचा होता. महिनाभर त्याच्याच तालावर ती श्वास घेत होती. एक, दोन, तीन, आणि मग जागा.

म्हाताऱ्याने डोळे फिरवून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. उलट काहीतरी विचारायचं असावं असं वाटलं, आणि तेच जास्त वाईट होतं.

"महिनाभर म्हणजे केव्हापासून, काकू?"

काकू पांघरूण सारखं करत राहिल्या. "तू जॅकेट नेलंस त्या आठवड्यापासून," त्या म्हणाल्या. त्यांनी सहज म्हटलं की मोजून म्हटलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. हातमोजा न घेताच धाकटी घरी आली.

एक मात्र तिच्या बाजूने सांगायला हवं. ती काही वाईट बाई नव्हती. तिने जॅकेट कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि आठ दिवस क्लबाचं तोंड पाहिलं नाही. नवव्या दिवशी फोन करून काकांची चौकशी केली. काकूंचा आवाज पंचवीस वर्षांनी लहान झाला होता. "अगं, कालपासून उठून बसतायत! चमचा हातात धरला. आणि नाडी अगदी घड्याळासारखी."

तेव्हा आता 'बोलाफुलाला गाठ पडली' असं म्हणायचीही सोय राहिली नाही.

मग ती जॅकेटं बदलत सुटली. क्लबचं घातलं, पाचशे चाळीस. एका ओळखीच्या मुलीचं उसनं आणलं, पाचशे पंचेचाळीस. कडी टुणटुण उडत होती, तिच्या स्वतःच्या नाडीवर, बावचळल्यासारखी. घरी जेवताना आईने कौतुकाने थोरलीच्या मुलाची कुठल्यातरी शाळेत निवड झाल्याचं सांगितलं, आणि धाकटीने घास गिळता गिळता मनात हिशेब केला की चौथ्या नंबराला निदान पाचशे नव्वद लागतील.

चाचणीच्या आदल्या दिवशी काकूंचाच फोन आला.

"जॅकेट परत आणून देतेस का?" त्यांनी सरळ विचारलं.

धाकटी म्हणाली, "सोमवारी देते काकू. उद्या चाचणी आहे. एवढी एकच."

काकूंनी विचारलं, "किती गोळ्या असतात गं त्यात?"

"साठ."

"आणि तू रोज मारायचीस त्या?"

"पस्तीस."

"म्हणजे जवळजवळ दुप्पट." काकू म्हणाल्या. "आज त्यांनी माझं नाव घेतलं. दीड वर्षांनी. बघ बाई. मी त्यांना सोडून तुझ्या अंगातलं जॅकेट ओढून घ्यायला तिकडे यायची नाही. तुझं तू बघ."

धाकटीने फोन ठेवला. रात्रभर ती स्वतःला समजावत होती की उद्या उसनंच जॅकेट न्यायचं. सकाळी तिने दोन्ही जॅकेटं पिशवीत भरली. क्लबात पोचल्यावर पिशवी उघडली, आणि हात गेला तो काकांच्या जॅकेटवर. उसनं वर होतं. ते बाजूला सारून तिने खालचं काढलं.

दहाला शिटी झाली. एका रांगेत चोवीस चटया, चोवीस माणसं पालथी. धाकटीची अकरावी जागा. भोकातून पाहिलं तर आज बावन्न ठोके शांत, एकसारखे, एकही चुकत नव्हता. माणूस खरंच सुधारला होता. तिला इतकं हायसं वाटलं, की चला, काही होत नाही, उगाच मी मनाला लावून घेतलं. पहिल्या दहा गोळ्यांत नव्व्याण्णव.

विसाव्या गोळीनंतर पहिला ठोका चुकला.

तिसाव्यानंतर दर तिसरा चुकायला लागला. धाकटीने बंदूक खाली टेकवली, डोळे मिटले, पाण्याचा घोट घेतला. वाट पाहिली तर सुधारेल असं वाटलं. पाच मिनिटं ती तशीच पडून राहिली. मागे खुर्चीवर बसलेल्या मास्तरांकडे तिने मान वळवून पाहिलं. ते तिच्याकडेच पाहत होते आणि त्यांनी हळूच मान हलवली, नको म्हणून. बटणं काढायला पाच सेकंद लागली असती. तिने बंदूक उचलली.

चाळीस. पंचेचाळीस. ठोके आता लांब लांब पडत होते, मधली जागा एवढी मोठी की त्यात दोनदा नेम धरून होई. ती दर वेळी गोळी सोडे आणि मग जीव मुठीत धरून पुढच्या ठोक्याची वाट पाही. आला की मनात म्हणे, आले बाबा, आहात ना, थोडंच राहिलंय. ती खरोखर त्यांच्याशी बोलत होती. विनवत होती म्हणा ना.

एक्कावन्नावी गोळी दहात गेली. तिने नवी भरली, गाल लावला आणि ठोक्याची वाट पाहायला लागली.

कडीत काळा गोल मधोमध होता. हलत नव्हता. तिने दहा आकडे मोजले, वीस मोजले. तीस. कागदावर छापलेल्या चित्रासारखं सगळं स्थिर. तिची स्वतःची नाडी गळ्यात, कानात, दातांत धडधडत होती, पण तिचा कणभरही बंदुकीपर्यंत पोचत नव्हता. समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात दहा वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती. काय झालं ते तिला कळलं. न कळायला ती काय कुक्कुलं बाळ होती? अजूनही ती उठू शकत होती, ओरडू शकत होती, बटणं तोडून ते जॅकेट अंगावेगळं फेकू शकत होती. कदाचित उपयोग झाला असता, कदाचित नसता. तिने चाप ओढला.

वाट पाहण्यासारखं आता काही नव्हतं. उरलेल्या आठ गोळ्यांना तीन मिनिटं लागली.

निकाल लागला तेव्हा ती दुसरी आली होती. पाचशे पंच्याण्णव. लोक येऊन हात मिळवत होते, कुणी पाठ थोपटत होतं. मास्तर त्यांत नव्हते. त्यांची खुर्ची रिकामी होती आणि त्यांची सायकलही फाटकाशी नव्हती. भिंतीवर यादी लागली आणि तिच्यात धाकटीचं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. ते वाचत ती उभी असताना खिशातला फोन वाजला. जॅकेट अजून अंगावरच होतं.

"संपली का चाचणी?" काकूंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता, दळण झालं का विचारावं तसा.

"हो."

"हे गेले. दहा बेचाळीसला. मी घड्याळाकडे बघत होते."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते खरंच दुःखाचं होतं.

"त्याच्यानंतर किती मारल्यास?" काकूंनी विचारलं.

खोटं बोलावं असं तिला वाटलं. कुणाला कळणार होतं? पण काकूंच्या त्या सरळ प्रश्नापुढे खोटं सुचेना. "नऊ," ती म्हणाली.

आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "नऊच्या नऊ दहात गेल्या, काकू."

असं सांगताना आपला आवाज आनंदी होता, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं.